वेटिंगला ११ वा नंबर आहे, पुण्यात राहायची सोय आत्ताच करू का?

तू लिहिलंस ते थोडक्यात असं : अंबाजोगाईहून पुणे विद्यापीठात एम.ए. समाजशास्त्राला अर्ज केलास, खुल्या प्रवर्गाच्या वेटिंग लिस्टमध्ये ११ वा नंबर आहे, पुढच्या आठवड्यात तास सुरू होतायत, आणि औंधच्या पीजीवाल्या (पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या) काकू आजच दोन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे १३ हजार, मागतायत. नाहीतर कॉट दुसरीला देणार. बाबा म्हणतात, भरून टाक.

माझं ऐकशील तर आज भरू नकोस.

मी स्वतः वेटिंगवर होते, ७ व्या नंबरवर. आम्ही घाबरून आधी खोली पकडली. फीसाठी म्हणून वेगळे काढलेले पैसे त्यात गेले. मालकांनी वहीचं पान फाडून लिहून दिलं, ‘रु. १०,००० मिळाले’, खाली तारीख आणि सही. परत कधी मिळणार, प्रवेश नाही झाला तर काय, एक अक्षर नाही. अकराव्या दिवशी विभागाच्या बोर्डावर माझं नाव लागलं : दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा खालच्या नंबरला. खोली होती आणि फी नव्हती. मालक म्हणाले, डिपॉझिट खोली सोडतानाच मिळेल. शेवटी मामा दुकानाच्या गल्ल्यातले पैसे घेऊन रात्रीच्या एसटीने निघाला आणि पहाटे पोचला. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून पहिली गोष्ट, फीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्यांना हातच लावू नकोस. नंबर लागला की हातात एखाद-दुसराच दिवस असतो. तुझी पदवी दुसऱ्या विद्यापीठाची आहे, तेव्हा मायग्रेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचा, अर्जही आत्ताच टाक. त्याला वेळ लागतो.

उद्या विभागाच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर नीट सांगत नाहीत. नुसतं ‘माझा नंबर लागेल का’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं. विचार, खुल्या प्रवर्गाच्या जागा किती, मेरिट लिस्टमधल्या किती जणांनी फी भरली, पुढची यादी कधी लागणार, गेल्या वर्षी वेटिंग कुठपर्यंत गेलं. यादी उशिरापर्यंत हलते, कारण पोरं दोन-तीन ठिकाणी प्रवेश घेऊन ठेवतात आणि मागाहून रद्द करतात. २०२४-२५ ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून परत, असा नियम केला होता. पीजीवाल्यांना असला नियम लागू नाही, तिथे कागदावर असेल तेवढंच तुझं.

राहायचं म्हणशील तर सध्या फक्त कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट, महिन्याच्या बोलीवर बघ. औंधमध्येच हवं असं नाही, सांगवी, खडकी, गोखलेनगर ही सगळी विद्यापीठाच्या जवळचीच. अकरा महिन्यांचा करार आणि त्यात लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी सोडता येणार नाही अशी अट) असेल तर सरळ नाही म्हण. मेसही महिन्याचे पैसे आधी भरून लावू नकोस, आणि खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, ते विचारून घे. पुण्यात कुणी नात्यातलं असेल तर पहिले आठ-दहा दिवस तिथेच काढ, त्यात संकोच कसला? मात्र होस्टेलवर मैत्रिणीच्या खोलीत पॅरासाइट म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय चोरून, राहू नकोस. तपासणीत सापडलीस तर तिची खोली जाते, आणि पुढे तुलाच तिथे अर्ज करायचाय.

विद्यापीठाचं होस्टेल प्रवेश पक्का झाल्यावरच मिळू शकतं, ते तुझ्या हातात नाही. विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहं मात्र जरूर बघ. १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुलामुलींसाठी त्यांचं काम चालू आहे. खुल्या प्रवर्गातून अर्ज केलास म्हणजे कुठल्याच योजनेत बसत नाहीस असंही समजू नकोस, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचे निकष वाचून घे. (हे वाचणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलींसाठी : शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६० हजार आहेत. भाड्याने राहत असल्याचा कागद लागतो, म्हणून पहिल्या महिन्यापासून पावत्या जपा.)

काकूंना आज संध्याकाळी फोन कर आणि असं बोल : ‘काकू, माझं अजून वेटिंग आहे, खरं ते सांगते. एका महिन्याचं भाडं आगाऊ देते, डिपॉझिट प्रवेश झाला की त्याच दिवशी. प्रवेश नाही झाला तर महिना संपल्यावर कॉट सोडेन. एवढं लिहून द्याल का?’ पुष्कळ जणी तयार होतात, कारण रिकामी कॉट त्यांनाही परवडत नाही. त्या नाहीच म्हणाल्या तर जाऊ दे, दुसरी कॉट मिळेल. बाबांना हे सगळं वाचून दाखव. विभागातून आलीस की तिथले आकडे इथेच लिही, मी रात्री बघते.