इंग्लंडच्या कालव्यात नॅरोबोट (अरुंद, लांबलचक कालवा-बोट) घेऊन एका दिवसात किती लांब जाता येतं? परवाना लागतो का?

भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही, निघताना बोटवाले शिकवतात. अंतराचं मात्र गाडीसारखं गणित करू नका. वेगमर्यादा ताशी ४ मैल, प्रत्यक्षात ३ धरा. काठाला बांधलेल्या बोटींजवळून तर आणखी हळू, नाहीतर आतल्याचा चहा सांडतो आणि तो खिडकीतून डोकं काढून ऐकवतो!

हिशेब सोपा: मैल आणि लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारी दरवाज्यांची टाकी) यांची बेरीज करा, ३ ने भागा, तेवढे तास. म्हणजे ६ मैल आणि ६ लॉक असतील तर ४ तास. लॉकचे दरवाजे आपल्यालाच पाठीने रेटून उघडायचे असतात. खाली उतरताना बोट पुढेच ठेवा. मागच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, त्यावर बोटीची शेपटी अडकली तर पाणी उतरतं आणि बोट तिरकी लटकते. तसं दिसलं की पाणी सोडणं ताबडतोब बंद करा.

सुकाणूचा दांडा उलटा चालतो: डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे. पहिला अर्धा तास झाडीत घुसणारच.

पहिल्यांदाच जात असाल तर नैऋत्य इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून बाथच्या दिशेने डंडास जलसेतूपर्यंत जाऊन या. ब्रॅडफर्डचा लॉक मागे टाकला की मध्ये एकही लॉक नाही, आणि १८०५ साली खुल्या झालेल्या त्या दगडी पुलावरून बोट खालची एव्हन नदी ओलांडते. परतीसाठी बोट कुठे वळते ते आधीच विचारून ठेवा, लांब बोट वाटेल तिथे वळत नाही.