बदकांच्या शिकारीसाठी पूडल?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतो. माझे यजमान परवाना घेऊन बदकांच्या शिकारीला जातात. लॅब्रॅडॉरचे केस घरभर गळतात, म्हणून पूडल घ्यावा असे मला वाटते. त्यांचे मित्र मात्र हसतात. आपले मत काय?

उत्तर : मित्रांना हसू द्यावे. पूडल हा मुळात पाण्यात पडलेला पक्षी मालकाकडे आणून देणारा कुत्रा असून, आज हास्यास्पद वाटणारी त्याची केशरचनाही पोहणे सुलभ व्हावे, पण छाती व सांधे उबदार राहावेत, या हेतूने रूढ झाली, असे सांगितले जाते. अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या रिट्रीव्हर (म्हणजे पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या) चाचण्यांतही स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराचा पूडल उतरतो. लहान आकाराच्या पूडलचा मात्र विचार करू नये, कारण जड हंस (गूज) गोठत्या पाण्यातून ओढत आणणे त्याला पेलणारे नाही.

खरी अडचण पिल्लू निवडण्यात आहे. बहुतेक पैदास प्रदर्शनासाठी किंवा घरी पाळण्यासाठी होत असल्याने, ज्याचे आईवडील प्रत्यक्ष शिकारीवर काम करतात असेच पिल्लू शोधावे, मग त्यासाठी वाट पाहावी लागली तरी चालेल. खुब्याच्या सांध्यांचे व डोळ्यांचे तपासणी अहवालही मागावेत. केस फारसे गळत नसले तरी ते गुंततात आणि त्यांत काटेकुसळे अडकतात, तेव्हा हंगामात ते आखूड ठेवावेत व थंडीसाठी निओप्रीनचे (रबरासारख्या उबदार कापडाचे) जाकीट घालावे. बंदुकीच्या आवाजाची सवय मात्र दुरून, हळूहळूच लावावी. तो हुशार असला तरी दटावणी त्याला सहन होत नाही.