सिसिलियन घ्यायचा ठरलाय, पण कुठला?

बुद्धिबळात तुमचं रेटिंग १४५० च्या आसपास, पांढऱ्याच्या ई४ ला आजवर काळ्याकडून ई५ खेळत आलात, आता सिसिलियन, म्हणजे ई४ ला सी५ चं उत्तर, शिकायचाय. फिशर आणि कास्पारोव्ह हे जगज्जेते खेळायचे म्हणून त्यातला नायडॉर्फ हा प्रकार घ्यावा, की ड्रॅगन, की स्वेश्निकोव्ह, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर स्वेश्निकोव्ह. नायडॉर्फ आत्ता नको. का, ते सांगतो.

नायडॉर्फमधली ५...ए६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) दिसायला साधी, पण ती कशासाठी आहे हे कळलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं. काळ्याला खरं तर ई५ खेळून पांढऱ्याचा डी४ वरचा घोडा हुसकवायचा असतो. पण पाचव्याच चालीला ई५ केलं तर घोडा हलवण्याआधी पांढरा उंट बी५ वर आणून शह देतो. तुम्ही उंट मध्ये घातलात की पांढऱ्या घरांचे उंट मारामारीत जातात, आणि डी५ घराचा तुमचा राखणदारच संपतो. ए६ मुळे बी५ हे घर उंटाला आणि घोड्याला, दोघांनाही बंद होतं, शिवाय पुढे बी५ ढकलायची सोय. चाल झकास आहे. अडचण पुढे आहे. सहाव्या चालीला पांढऱ्याकडे उंट जी५, उंट ई३, उंट सी४, उंट ई२, एफ३, एफ४, एच३, जी३ असे पर्याय, आणि प्रत्येकाला तुमची मांडणी निराळी. फिशरसारख्या माणसाचा वजीरसुद्धा १९७२ च्या रेकयाविकच्या ११ व्या डावात 'विषारी प्यादं' (बी२ वरचं, पांढऱ्याने मुद्दाम सोडलेलं) खाऊन अडकला होता. आपण कोण?

ड्रॅगन मी आठ वर्षं खेळलो. प्रेम आहे माझं त्याच्यावर. जी७ च्या उंटाची ती लांब तिरकी रेघ एकदा सवयीची झाली की दुसरं काही नको वाटतं. कास्पारोव्हने १९९५ मध्ये आनंदविरुद्ध जगज्जेतेपदाच्या लढतीत ११ व्या डावात तो अचानक बाहेर काढला आणि जिंकला. पण पांढऱ्याची बाजू शिकायला फार सोपी आहे: उंट ई३, एफ३, वजीर डी२, वजिराकडे किल्लेकोट, मग एच४-एच५. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला एवढं येतंच. तुम्हाला मात्र सी३ वरच्या घोड्यासाठी हत्तीचा बळी कधी द्यायचा ते नेमकं कळावं लागतं. एका डावात तो द्यायच्या क्षणी मी कच खाल्ली, एक 'जपून' चाल खेळलो, आणि पुढच्या चार चालींत एच पट्टीत मात. इथे एक चालही उधार मिळत नाही.

(ड्रॅगनचाच उंट हवा असेल तर अ‍ॅक्सलरेटेड ड्रॅगन बघा, ४...जी६. डी६ न खेळल्याने पांढऱ्याने घाईत एफ३ केलं तर डी५ एका दमात होतं. फक्त ५.सी४ आलं की जागेची टंचाई सोसावी लागते. मला ती सोसत नाही.)

आता स्वेश्निकोव्ह. १.ई४ सी५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.डी४, प्यादी मारून झाली की ४...घोडा एफ६ ५.घोडा सी३ ई५ ६.घोडा डी-बी५ (डी४ वरचा घोडा बी५ वर) डी६. डी५ ला कायमचं भोक (तुमचं कुठलंच प्यादं ते घर राखू शकत नाही), डी६ ला मागास प्यादं (शेजारच्या प्याद्याचा आधार नसलेलं). पहिल्यांदा बघताना हे असं कोण खेळतं, असंच वाटतं. पण ७.उंट जी५ ए६ ८.घोडा ए३ बी५ नंतर पट नीट बघा. तो ए३ चा घोडा पटाच्या कडेला पडलाय. त्याला परत आणायला आधी सी३, मग घोडा सी२, मग ई३. तेवढ्या वेळात तुमचे मोहरे बाहेर येतात आणि एफ५ चा धक्का तयार होतो. ७.घोडा डी५ आलं तर तुम्ही घोडा मारता, पांढरा प्याद्याने परत मारतो, आणि त्या भोकात त्याचंच प्यादं बसतं! मग तो वजिराच्या बाजूला पुढे सरकणार, तुम्ही राजाच्या बाजूला. कार्लसनने २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कारुआनाविरुद्ध हेच खेळून पारंपरिक (जास्त वेळाच्या) डावांत हार पत्करली नाही.

म्हणजे चाली बऱ्याचशा सक्तीच्या, फाटे कमी, आणि प्याद्यांची रचना जवळजवळ दर वेळी तीच. डी५ चं भोक सलत असेल तर मात्र घेऊ नका, ते शेवटपर्यंत सलत राहतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण रोजच्या डावांत तीच जास्त भेटेल. तुमच्या पातळीवर कितीतरी जण डी४ पर्यंत येतच नाहीत, २.सी३ खेळतील, किंवा तिसऱ्या चालीला उंट बी५ वर आणतील. त्यामुळे तयारीचा पहिला आठवडा यांनाच द्या. २.सी३ ला २...घोडा एफ६, आणि ३.उंट बी५ ला ३...जी६, कार्लसनने कारुआनाविरुद्धच्या त्या लढतीत ३...जी६ च खेळलं होतं. स्वेश्निकोव्हच्या बाराव्या-पंधराव्या चाली त्यानंतर पाठ केल्यात तरी चालेल.