सिस्टर, एक विचारू?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त घरात झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दलचे आहेत, म्हणून बीपी-शुगर या वेळी बाजूला ठेवते. पहिल्या दोन पत्रांना जरा लांब उत्तरं दिलीत, कारण त्यात जे लिहिलंय ते मला वॉर्डातही तीस वर्षं तसंच्या तसं ऐकू आलंय.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, आता काहीही विचारलं तरी "हो हो" एवढंच म्हणतात. एअर बेड घेतलाय, दिवसातून दोनदा पावडर लावते, तरी माकडहाडापाशी लाल झालंय. शेजारच्या काकू म्हणतात स्पिरिटने चोळ. चोळू का? आणि त्यांना आपलं बोलणं कळतं का? – एक सून, कराड

ताई, स्पिरिटची बाटली आधी कपाटात ठेवून द्या. आमच्या ट्रेनिंगच्या काळातही वॉर्डात पाठ स्पिरिटने चोळून पावडर मारायची पद्धत होती, मीही कितीतरी पाठी चोळल्यात, त्यामुळे काकूंना दोष देत नाही. पण तिथली कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबून राहिल्यामुळे रक्त न मिळून लाल झालेली असते, त्यावर चोळलं तर आतून आणखी फाटते, आणि स्पिरिटने कोरडी पडते ते वेगळंच. पावडरीचं म्हणाल तर घाम आणि लघवी लागली की तिच्या गुठळ्या होतात आणि वाळूसारख्या टोचतात.

आता एक करून बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढुरकं होऊन परत लाल झालं तर अजून हातात वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअरची पहिली पायरी सुरू झाली असं समजा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट-जांभळं दिसतंय का, हाताला गरम किंवा टणक लागतंय का हे बघायचं. अशा जागेवर वजन पडू न देणं हेच पहिलं औषध.

म्हणजे कूस बदलायची, साधारण दर दोन तासांनी. एअर बेड असला तरी सुद्धा, त्याने मदत होते पण सुट्टी मिळत नाही. आणि तो बेड नीट फुगलाय का तेही बघा, सासूबाई झोपलेल्या असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी हात घाला, हाताला हाड टेकल्यासारखं लागलं तर पंपाचं सेटिंग वजनाप्रमाणे वाढवायला हवं (ते बटण बऱ्याच घरात पहिल्या दिवशी जिथे असतं तिथेच वर्षभर असतं). कुशीवर वळवताना पूर्ण आडवं करू नका, मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवायचं, ३० अंश म्हणतात ते. पोटऱ्यांखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील, टाचेखालून कागद सरकला पाहिजे. मधोमध भोक असलेली ती गोल रिंग मात्र माकडहाडाखाली देऊ नका, तिच्या कडेवर दाब येऊन भोवतालचं रक्त अडतं.

सगळ्यात जास्त नुकसान वर सरकवताना होतं. माणूस घसरून पायथ्याशी आलं की आपण काखेत हात घालून ओढतो, कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं. जुनी सुती साडी चौपदरी घडी घालून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली अंथरून ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी तिची टोकं गुंडाळून धरायची, एक दोन तीन म्हणायचं आणि उचलून वर घ्यायचं, ओढायचं नाही. गेलेल्या हाताला धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो. गाऊन घालताना आधी गेलेला हात घाला, काढताना तो शेवटी काढा, एवढ्याने तुमची निम्मी झटापट वाचेल.

डायपर ओला झाला की लगेच बदला, कोमट पाण्याने पुसा, मऊ कापडाने टिपून घ्या, मग झिंक ऑक्साईडचं क्रीम पातळ लावा. खाण्यात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं वाढवा, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. कातडी सोलली, काळी पडली, वास किंवा पू आला, ताप आला, तर घरी प्रयोग नकोत, दाखवायचं.

आणि हो, कळतं. आपली भाषा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते आणि उजवं अंग गेलं म्हणजे मार डाव्या बाजूलाच बसलेला असतो, त्यामुळे शब्द तोंडात येत नाहीत. समजण्यातही थोडाफार गोंधळ असतो, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त त्यांच्यापर्यंत पोचतं. लांबलचक विचारू नका, चहाचा कप आणि दुधाचा पेला दोन्ही समोर धरा आणि नजर कुठे जाते बघा. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या नेहमीच्या आरतीची पहिली ओळ म्हणून थांबा, पाठ असलेलं पुष्कळदा असं आपोआप बाहेर येतं, मी बघितलंय. आणि भेटायला येणाऱ्यांना खाटेजवळ उभं राहून "अजून किती दिवस काढायचे" हे बोलायची बंदी करा.

प्रश्न : वडील ८१, तीन वर्षांपासून अल्झायमर, लघवीची नळी आहे. परवापासून एकदम बिघडलेत, रात्रभर ओरडतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, दिवसा ग्लानीत. घरी माणसं पुरवणाऱ्या नर्सिंग ब्युरोच्या मावशीने रात्री ओढणीने हात बांधले. आजार पुढे सरकला म्हणायचं का? झोपेची गोळी वाढवू का? – मुलगा, नागपूर

दादा, अल्झायमर परवापासून सरकत नाही. तो महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने उतरतो. दोन दिवसात माणूस बदललं तर त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे शरीरात काहीतरी घडलेलं असतं, बहुतेक वेळा बरं होण्यासारखं. लघवीचं इन्फेक्शन, चार दिवस न झालेली शौच, पाणी कमी पडणं, कुठलंतरी नवीन औषध, अगदी सर्दीची गोळीसुद्धा. या वयात इन्फेक्शन असून ताप येत नाही असंही होतं, म्हणून "अंग गरम नाही" यावर जाऊ नका.

मी नवीन लागले होते तेव्हाची नाईट ड्यूटी सांगते. एक आजोबा सारखे धोतर ओढत होते, खाटेवरून उतरू बघत होते, आम्ही "कन्फ्युज्ड आहेत" असं लिहून मोकळे. पहाटे चादर बदलताना बघते तर कॅथेटरची नळी मांडीखाली मुडपलेली आणि पोट खाली दगडासारखं. नळी सरळ केली आणि पिशवी धो धो भरली, दहा मिनिटांत आजोबा घोरायला लागले. चार तास त्यांना दुखत होतं आणि सांगता येत नव्हतं, आणि मी त्यांना दोनदा दटावलं होतं. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून पत्र वाचून संपायच्या आधी नळी बघून या. मुडपली नाही ना, पिशवी पोटापेक्षा खाली आहे ना पण जमिनीला टेकत नाही ना, काल किती लघवी झाली, गढूळ आहे का, रक्त आहे का. ओटीपोट फुगलंय आणि पिशवी रिकामी, तर तासाभरात दवाखाना गाठा. तसं नसलं तरी आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, लघवी आणि रक्त तपासायला लागेल, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. झोपेची गोळी मनाने वाढवू नका, त्याने डेलिरियम वाढतो, शिवाय पडायची भीती.

हात बांधणं आजपासून बंद. बांधल्यावर माणूस जास्त झटापट करतं, मनगटं सोलतात. त्यापेक्षा खाट एकदम खाली घ्या, बाजूला गादी अंथरा, मंद दिवा चालू ठेवा, चष्मा आणि कानाचं मशीन दिवसा लावलेलंच असू द्या. मुंग्यांवरून वाद घालू नका, "कुठायत मुंग्या" असं म्हणून काय मिळणार, "मी झाडून टाकते" म्हणून कापड फिरवायचं, हात धरून बसायचं.

प्रश्न : ब्युरोकडून "सिस्टर" म्हणून आलेली बाई नाकातली जेवणाची नळी बदलायला तयार आहे. करू द्यावं का? – पुणे

नको. नर्सिंगमधला एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, ती मागा, खऱ्या सिस्टरला राग येत नाही. नोंदणी नसेल तर ती मावशी आहे, आणि मावशी असणं काही कमी नाही, अंघोळ, डायपर, कूस, भरवणं हे चांगल्या मावशीसारखं आम्हालाही जमत नाही. पण नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेततं.

प्रश्न : नळीतून पेज देताना बाबांना झोपवलेलं चालेल का? बसवलं की मान टाकतात. – रत्नागिरी

चालणार नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलून, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, म्हणजे मान पडत नाही. दर वेळी द्यायच्या आधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का बघा, सरकली असेल तर थेंबही घालू नका. पेज गाळून घ्या, नाचणीचा चोथा नळीत बसला की नळीच बदलावी लागते. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबू नका, वरून ओतून आपसूक उतरू द्या, शेवटी थोडं साधं पाणी घालून नळी धुवा आणि पुढचा अर्धा-पाऊण तास तसंच बसतं ठेवा. तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड विसरू नका, बोटाला ओलं कापड गुंडाळून दिवसातून दोनदा जीभ, गाल, हिरड्या पुसून काढा. तिथली घाण छातीत उतरून न्यूमोनिया होतो.