‘तुला घे’ म्हणजे कुणाला घे?

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे : ‘मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. कडेवर घ्यायचं असलं की हात वर करून “तुला घे, तुला घे” म्हणते. “तुला नाही, मला घे म्हण” असं शिकवायला गेलं तर जास्तच रडते. स्वतःला “मी आलं” म्हणते आणि कालच्या गोष्टीला उद्या. हे बोबडं बोलणं कधी सुटेल? अशा बोलण्याला मराठीत वेगळा शब्द आहे का?’

ताई, आधी शब्दाचं बघू. बोबडं हा शब्द उच्चारापुरता आहे. काकाचा ‘ताता’ होतो, गाडीची ‘दादी’ होते, ‘र’च्या जागी ‘ल’ येतो, ते बोबडं. अक्षरावर अडखळणं, तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, ते तोतरं. तुमची लेक ‘तुला घे’ हे अक्षर न् अक्षर स्वच्छ म्हणते, म्हणजे ती यातलं काहीच करत नाही. तिचा उच्चार बरोबर, व्याकरणही बरोबर. फक्त ते वाक्य तिचं नाही, तुमचं आहे. मी अशा वाक्याला उसनं वाक्य म्हणतो.

एक दिवस स्वतःच्या बोलण्याकडं लक्ष ठेवा. ‘दमलीस का गं? तुला घेऊ? ये, तुला घेते.’ एवढं कानावर पडतं आणि पुढच्या क्षणाला ती तुमच्या कडेवर असते. तिच्या लेखी कडेवर जाण्याचं नावच ‘तुला घे’ आहे. शब्द आपण कोशातल्या अर्थानं वापरतो, ती प्रसंगासकट वापरते. ज्या प्रसंगात जे ऐकलं, तो प्रसंग पुन्हा हवा असला की ती तेच म्हणते.

‘घे’चंही तसंच. खाऊ हातात देताना आपण काय म्हणतो? ‘हे घे.’ मग खाऊ हवा असलेलं पोरगं डब्याकडं बोट दाखवून ‘घे, घे’ म्हणतं आणि आई बुचकळ्यात पडते, की हे मला काय द्यायला निघालंय!

‘मी’ आणि ‘तू’ यांची अडचण याहून खोल आहे. चमचा आईनं म्हटला काय, आजोबांनी म्हटला काय, चमचाच राहतो. ‘मी’ मात्र बोलणाऱ्याबरोबर बदलतो. आई म्हणते तेव्हा मी म्हणजे आई, बाबा म्हणतात तेव्हा मी म्हणजे बाबा. आणि या बाळाला तर दिवसभर सगळेच ‘तू’ म्हणतात, मग तिनं स्वतःला तू म्हणायचं नाही तर काय? ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं १९२२ साली अशा शब्दांना शिफ्टर असं नाव दिलं. आपण त्यांना सरकते शब्द म्हणू. इकडे-तिकडे, हे-ते, आज-उद्या, सगळे याच जातीचे.

आता तुमची दुरुस्ती तिच्या कानानं ऐका. ती हात वर करून उभी आहे आणि आई म्हणते, ‘तुला नाही, मला घे.’ तिला काय कळलं असेल? आई मला घेणार नाही, आईलाच कुणीतरी घ्यायचंय. ती रडते ते हट्टानं नव्हे. तिला नाही म्हटलंय असंच तिला वाटतं.

म्हणून ‘असं म्हण’ हे सोडून द्या. हे शब्द समोरासमोरच्या बोलण्यातून उलगडत नाहीत, दुसऱ्या दोघांचं बोलणं ऐकून उलगडतात. बाबा आजीला म्हणाले ‘मला चहा दे’ आणि चहा बाबांना मिळाला. मग आजी म्हणाली ‘मला पेपर दे’ आणि पेपर आजीच्या हातात गेला. हे बाजूला बसून पाहिलं की ‘मला’ हा बोलणाऱ्याचा असतो हे ध्यानात येतं. दुसऱ्या मुलाला सर्वनामं पहिल्यापेक्षा लवकर जमतात, असं कॅनडातल्या एका अभ्यासात आढळलं होतं, त्याचं कारणही हेच सांगतात. धाकट्याला आई आणि थोरल्याचं बोलणं फुकट ऐकायला मिळतं. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर तुमचं निम्मं काम झालंच. बहुतेक मुलांचं हे तिसऱ्या वर्षाच्या आसपास आपोआप सुटतं. त्यानंतरही राहिलं आणि जोडीला हाक मारल्यावर बघणं, बोट करून दाखवणं हेही कमी वाटलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

‘मी आलं’ ऐकून मला फार आनंद झाला, कारण ते आपल्या मुलखाचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं लाडाच्या मुलीला नपुंसकलिंगात बोलायची रीत आहे. ‘आमचं पिंकी शाळेला गेलं’, ‘झोपलं का गं ते?’, ‘आलं माझं सोनं!’ तुमच्या लेकीनं स्वतःबद्दल आजवर हेच ऐकलं, तेच ती सांगते. पुढं कधी ‘मी जातो’ म्हणाली तरी दचकू नका. कोल्हापूर भागात बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. ती चूक नाही, बोली आहे.

काल-उद्याचं थोडक्यात. तिला ‘आज नव्हे’ एवढं कळलेलं आहे, मागं की पुढं ते अजून कळायचंय. आणि आपण मोठे तरी काय करतो? ‘परवा’ हा शब्द आपण दोन्हीकडं वापरतो. परवा आलो होतो, परवा येईन. मोठ्यांच्या भाषेत जी सोय परवाला आहे, ती तिनं उद्याला दिली, इतकंच.

थोड्या दिवसांनी ती ‘मी करलं’, ‘बाबानं देलं’ असंही म्हणू लागेल, आधी ‘केलं’, ‘दिलं’ नीट म्हणत असली तरी. तेव्हा ती मागं गेली असं समजू नका. बसला, हसला, पडला यांतला नियम तिनं स्वतः शोधून काढलेला असतो आणि तो सगळीकडं लावून बघत असते. ‘करलं’ तिला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते उसनंही नव्हे. ते तिचं स्वतःचं पहिलं व्याकरण.

प्रसंगासकट शब्द म्हणजे काय, हे मला माझ्या नातीनं शिकवलं. आमचं घर सांगलीत, गावभागात. ती तेव्हा अडीच वर्षांची होती. पुलाला ती ‘आयर्विन’ म्हणायची. कृष्णेवरचा १९२९ सालचा आमचा आयर्विन पूल तिनं पहिला पाहिला, त्यामुळे तिच्या दृष्टीनं रेल्वेचाही आयर्विन आणि ओढ्यावरच्या मोरीचाही आयर्विन. ते आम्हाला लगेच कळलं. पुढचं कळायला वेळ लागला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विनजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही सामान माळ्यावर टाकलं, पोरीला उचललं आणि विट्याला पाहुण्यांकडं गेलो. ओसरल्यावर परतलो, घर धुतलं, नळ सुरू झाले. तेव्हापासून रोज सकाळी एक गोष्ट घडू लागली. नात पायात चपला घालायची, डाव्या-उजव्या उलट्या, माझी कापडी पिशवी ओढत आणायची आणि दाराशी उभी राहायची. ‘विटा, विटा’ म्हणायची. तिला फिरायला जायचंय असं वाटून मी तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचो. ती घट्ट गळ्याला धरून राहायची, उतरायची नाही.

आठ-दहा दिवस असे गेले. एका सकाळी मी दारातच बसलो होतो. शेजारच्या काकूंनी जिन्यावरून नेहमीसारखी हाक दिली, ‘पाणी आलं हो!’ आमची सून घागर घेऊन मोरीकडं पळाली आणि त्याच क्षणी पोरीनं खेळणं टाकून चपलांकडं धाव घेतली.

ती हाक तिनं पुराच्या आदल्या रात्रीही ऐकली होती, तशीच जिन्यावरून, त्याच आवाजात. पाणी आलं की घर सोडायचं, हा त्या दोन शब्दांचा अर्थ तिनं एकदाच आणि पक्का शिकला होता.

मी काकूंना जाऊन सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या ‘नळ आला’ अशी हाक देऊ लागल्या. नात आता शाळेत जाते, तिला यातलं काही आठवत नाही. पण आमच्या जिन्यावर अजूनही सकाळी नळच येतो.