मुलगी इंदूरच्या शासकीय शाळेत पाचवीत आहे. पाचवीच्या 'बोर्डाची' किती काळजी करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये अकोल्याहून इंदूरला आलात, यजमान पिथमपूरला नोकरीला लागले, मुलगी शासकीय शाळेत पाचवीत आहे आणि शाळेत जो तो "यंदा बोर्ड आहे" म्हणतो. नापास झाली तर वर्ष जाईल का, शिकवणी लावावी का, आणि एवढ्या लहान मुलांची परीक्षा राज्याने घ्यावीच का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी इंदुरातल्याच एका शासकीय माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. तिसऱ्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, पण झोप उडाली असेल ती पहिल्याने, म्हणून आधी तो.

वर्ष सहजासहजी जात नाही. परीक्षा मध्य प्रदेश सरकारच्या राज्य शिक्षा केंद्राची असते. पेपर सगळ्या राज्याला एकच, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. विषय चार: हिंदी, इंग्रजी, गणित, पर्यावरण. प्रत्येक विषयाच्या शंभरातले 60 गुण वार्षिक लेखी पेपरचे, 20 अर्धवार्षिक परीक्षेचे आणि 20 प्रोजेक्टचे. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात. एखाद्या विषयात राहिली तर शाळेने तिला त्या विषयाचं जादा शिकवायचं आणि पुन्हा परीक्षा घ्यायची, ती साधारण जूनमध्ये होते. त्यातही राहिली तरच पाचवीत पुन्हा बसावं लागतं. आणि काहीही झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून नाव काढता येत नाही, तो कायदा आहे. 2025 साली पाचवीचा निकाल 92.70 टक्के लागला होता. त्यामुळे त्या 'बोर्ड' शब्दाला घाबरू नका. दहावीच्या बोर्डाशी याचा काही संबंध नाही. महाराष्ट्रातही 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे, तेव्हा तिकडे राहिला असतात तरी हे टळलं नसतं.

आता राज्याने परीक्षा घ्यावी का. माझं उत्तर: घ्यावी. पण आज ज्या तऱ्हेने ती संपते, तशी नाही.

घ्यावी असं का म्हणते ते सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 ने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं आणि कलम 30 ने आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नाही. हेतू फार चांगला होता. त्याआधी आमच्याकडे पाचवीची आणि आठवीची बोर्डाची परीक्षा होती. एकदा नापास झालेली मुलगी घरी बसायची, भांडी घासायला जायची नाहीतर तिचं लग्न व्हायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कायद्यात परीक्षेच्या जागी सततचं मूल्यमापन सांगितलं होतं, आणि ते बहुतेक ठिकाणी रजिस्टर भरण्यापुरतं उरलं. मुलं वर सरकत राहिली. सहावीत माझ्यासमोर अशी मुलं बसायची ज्यांना हिंदीचं एक वाक्य सलग वाचता येत नव्हतं, आणि कागदोपत्री सगळ्यांची श्रेणी चांगली. असर ही 'प्रथम' संस्थेची देशभरातली पाहणी ग्रामीण भागातली असते, पण ती पाहा: 2024 मध्ये शासकीय शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी 44.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला, आणि 2022 मध्ये तो आकडा 38.5 होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत पोचूनही वाचत नाहीत. बाहेरून कोणी मोजलं नसतं तर हे आपल्याला कळलंच नसतं. खासगी शाळेतल्या मुलाचे आईवडील वहीत डोकावतात, फी भरलेली असते म्हणून भांडतात. शासकीय शाळेतल्या मुलाच्या बाजूने भांडणारं फार वेळा कोणी नसतं. त्याच्या शिकण्याची दखल राज्यानेच घ्यायला हवी, आणि त्यासाठी सगळीकडे सारखा पेपर हवा. 2019 मध्ये कायदा बदलला, पाचवी-आठवीला दरवर्षी परीक्षा ठरली आणि नापास मुलाला मागे ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं, ते मला पटलं होतं.

पटत नाही ते पुढचं. एक उदाहरण देते.

गणितात प्रश्न आहे: गोदामात 502 पोती गहू होता, 178 पोती विकली, किती उरली? बरोबर उत्तर 324. एका मुलाने लिहिलं 476. हे उत्तर कुठून आलं? त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. आठातून दोन सहा, सातातून शून्य सात, पाचातून एक चार. त्याला हातचा घेणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही, स्थानाची किंमत कळलेली नाही. दुसऱ्या मुलीने लिहिलं 334. तिने हातचा घेतला, पण मधल्या शून्याचे दहा झाल्यावर त्यातला एक एककाला देऊन नऊ उरतात, हे विसरली. तिसऱ्याने जागा कोरी सोडली. त्याला तोंडी विचारलं, "पाचशे दोन रुपये आहेत, एकशे अठ्ठ्याहत्तर खर्च केले," तर तो बोटांवर बरोबर सांगतो. त्याला वजाबाकी येते, प्रश्न वाचता येत नाही.

तिघांनाही गुण शून्य. पण तिघांना शिकवायचं मात्र सर्वस्वी वेगळं आहे. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून, सोडून, पुन्हा बांधून काही आठवडे बसवावं लागतं. दुसरीचं काम एका तासात होतं. तिसऱ्याला गणिताच्या तासाला नाही, हिंदीच्या तासाला मदत हवी. ही सगळी माहिती उत्तरपत्रिकेत होती. ती मुलाने स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. आणि ती उत्तरपत्रिका दुसऱ्या ठिकाणी तपासायला जाते, तिथे गुण पोर्टलवर चढतात, आणि शिकवणाऱ्याच्या हाती पडतो फक्त विषयापुढचा आकडा. कॉपी, म्हणजे ती तपासलेली उत्तरपत्रिका, माझ्या वर्गात परत आल्याचं मला आठवत नाही. सहावीत आलेल्या मुलाबद्दल मला कळायचं की याला गणितात 21 आहेत. 21 म्हणजे काय? त्या आकड्यावरून मी उद्या वर्गात काय करू?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि नोकरीत असताना प्रत्येक बैठकीत मी ते मांडत आले: पेपर राज्याने काढावा, तपासणीही बाहेर होऊ द्या, पण कॉपी मुलाकडे आणि त्याच्या शिक्षकाकडे परत आली पाहिजे. ती परत येत नाही तोवर मुलाच्या पदरात त्या परीक्षेतून काही पडत नाही.

हे अशक्य आहे असं नाही. आपल्याच मध्य प्रदेशात दक्षता उन्नयन नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात मुलाला आधी वाचायला लावायचं, अंक ओळखायला लावायचे, साधी बेरीज-वजाबाकी करायला लावायची, आणि त्यावरून अंकुर, तरुण, उमंग असे गट पाडायचे. इयत्ता कोणतीही असो, अंकुर गटातलं मूल अक्षरापासून सुरू करणार. तिथे तपासणारी आणि शिकवणारी मीच होते. मुलगा कुठे अडखळला ते माझ्या कानांनी ऐकलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी तिथूनच सुरू करायचे. अंकुरमधून तरुणमध्ये गेलेलं मूल घरी जाऊन आईला सांगायचं. त्या तपासणीची भीती कोणाला वाटलेली मी पाहिली नाही.

उलट निकालाच्या टक्केवारीकडे पाहा. 2023 मध्ये पाचवीचा निकाल 82.27 टक्के होता, आठवीचा 76.09. दोन वर्षांनी, 2025 मध्ये, तेच आकडे 92.70 आणि 90.02 झाले. मुलं खरंच एवढी शिकली असतील तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. पण पेपर दरवर्षी नवा असतो, शाळांना त्याचा साचा कळत जातो, शिक्षक तेवढंच घोटून घेतात. नुसत्या टक्केवारीवरून शिकणं वाढलं की सराव वाढला, हे ठरवता येत नाही. आणि टक्केवारी वाढली नाही तर शिक्षकाला नोटीस येणार असं वातावरण झालं की काय होतं, तेही जगाने पाहिलंय. अमेरिकेत 2002 च्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी राज्याची वाचन-गणिताची परीक्षा सक्तीची झाली आणि शाळेचं भवितव्य त्या गुणांना बांधलं गेलं. अटलांटा शहरात 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांत गैरप्रकार सापडले, 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांनी चुकीची लिहिलेली उत्तरं मोठ्यांनी खोडून बरोबर केली होती. त्यातल्या अकरा जणांना 2015 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. नुकसान झालं ते मुलांचं. ज्यांना जादा शिकवणी मिळायला हवी होती, ती कागदावर हुशार ठरली.

म्हणूनच 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला एक मुद्दा मला मोलाचा वाटतो. तिसरी, पाचवी आणि आठवीला परीक्षा व्हावी असं त्यात आहेच, पण तिचे निकाल शिक्षणव्यवस्था सुधारण्यासाठीच वापरावेत, शाळेचा एकूण निकाल मुलांची नावं न देता जाहीर करावा, असंही आहे. परीक्षा घेण्याचा भाग अनेक राज्यांनी उचलला. नापास करण्याचा अधिकारही त्यातल्या बऱ्याच राज्यांनी उचलला. दुसरा अर्धा भाग तसाच राहिला.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. इंदुरात इमारतींच्या कामावर झाबुआ, आलिराजपूर, खरगोनकडची माणसं येतात, त्यांची मुलं आपल्याच शाळांत असतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे माळव्यात गहू-हरभऱ्याच्या कापणीचे दिवस. आईबाप कापणीला गेले की मुलंही जातात, पेपर बुडतो, आणि यादीत नापास व गैरहजर एकाच बाजूला पडतात. जूनच्या परीक्षेचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवायला आम्ही ठेकेदारांना, नातेवाइकांना फोन करत बसायचो. तुमच्या मुलीच्या वर्गात असं कोणी असेल तर त्यांच्या आईचा नंबर घेऊन ठेवा. शाळेआधी तुम्हीच कळवू शकाल.

शिकवणीबद्दल: लगेच लावू नका. मराठी माध्यमातून हिंदीत आलेल्या मुलीची अडचण बहुतेक वेळा वाचनाच्या वेगाची असते. लिपी तीच, पण ती प्रत्येक शब्दापाशी थांबते, आणि अडीच तासांच्या पेपरात तेवढा वेळ जातो. रोज संध्याकाळी पर्यावरणाच्या पुस्तकातलं एक पान तिला मोठ्याने वाचू द्या, मध्ये टोकू नका, संपल्यावर काय वाचलं ते तिला मराठीत सांगायला लावा. दिवाळीपर्यंत फरक दिसेल. घरातलं मराठी मात्र बंद करू नका. रामबागेत आणि लोकमान्य नगरात पिढ्यान् पिढ्या मुलं घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलत शिकली आहेत. खजुरी बाजारातून गाईड आणि प्रश्नसंचांचे ढीग आणू नका. मागच्या वर्षांचे दोन-तीन पेपर मिळवून घड्याळ लावून सोडवून घेतलेत तर पुरे. प्रोजेक्ट तिचा तिला करू द्या, मग तो वेडावाकडा का होईना.

आणि अर्धवार्षिक परीक्षेची कॉपी पाहायला मागा. ती शाळेतच तपासतात, म्हणजे शाळेतच असते. गुण पाहू नका, चुका पाहा: कुठे कोरं सोडलंय, कुठे हातचा चुकलाय, कुठे प्रश्नच नीट वाचलेला नाही. एका वहीत त्या लिहून वर्गशिक्षिकेला विचारा की यातलं काय घरी करून घेऊ. बहुतेक शिक्षिका आनंदाने सांगतील, कारण असं विचारणारे पालक फार थोडे येतात. नाहीच दाखवली, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. "तपासलेल्या कॉप्या पालकांना दाखवाव्यात" एवढा एका ओळीचा ठराव लेखी मांडा आणि कार्यवाहीच्या रजिस्टरमध्ये नोंदवून घ्या. जमलं तर वार्षिक परीक्षेच्या कॉप्या वर्गात परत मिळाव्यात, ही मागणीही त्याच कागदावर लिहा आणि जनशिक्षकाकडे, म्हणजे आसपासच्या शासकीय शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षकाकडे, पाठवायला सांगा. मसुदा करायला अडचण आली तर इथेच कळवा, मी लिहून देईन.