बाबांची अँजिओप्लास्टी सांगितलीय, गाव देवगड, रेशनकार्ड पांढरं. मुंबईत महात्मा फुले योजनेत होईल का?

हो, होईल. पांढरं कार्ड आधी चालत नव्हतं पण सरकारने २८ जुलै २०२३ ला जीआर काढला आणि १ जुलै २०२४ पासून सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना घेतलं, कव्हर दीड लाखावरून ५ लाख झालं, प्रीमियम आपल्याला भरावा लागत नाही. कार्ड देवगडचं असलं तरी मुंबईतलं योजनेतलं कुठलंही हॉस्पिटल चालतं, माझ्या काकांचं गेल्या वर्षी असंच झालं म्हणून खात्रीने सांगतो. करायचं एवढंच:

- मूळ रेशनकार्ड आणि बाबांचं आधार घेऊन जा, दोन्हीकडे नाव सारखं आहे ना ते आत्ताच बघा, काकांच्या एका अक्षरापायी तहसीलला दोन फेऱ्या झाल्या
- हॉस्पिटलात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचा (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) टेबल गाठा, मंजुरीचे कागद तोच ऑनलाइन पाठवतो
- १५५३८८ या योजनेच्या हेल्पलाइनवर फोन करून ते हॉस्पिटल आणि ही प्रोसिजर यादीत आहे का विचारून घ्या

तपासण्या, औषधं, जेवण पॅकेजमध्येच असतं, घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा, ते हक्काने मागा, लाजू नका. पण एक ध्यानात ठेवा, योजना कॅशलेस आहे, आधी बिल भरून मग क्लेम करू म्हणाल तर पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे मंजुरी यायच्या आत कोणी डिपॉझिट भरा म्हणालं तर घाईने भरू नका, आधी आरोग्यमित्राला बोलवा.